लष्करी कँटीनने नाकारलेले चार अंक



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. सेनापती, डावपेच, कुठे चूक झाली, कोण जिंकलं. आज विषय जरा वेगळा आहे. आज मी एका कॉमिक्सच्या संपादकाबद्दल बोलणार आहे. माझ्यासारख्या निवृत्त फौजीने कॉमिक्सवर का बोलावं, असं वाटलं असेल, तर पाच मिनिटं धीर धरा. हा विषय शेवटी फौजेपाशीच येतो.

माझ्या पिढीतले जे फौजेत गेले, त्यांतल्या अनेकांची पहिली 'भरती' कॉमिक्सनेच केली. 'कमांडो' नावाची ती छोटी, खिशात मावणारी, काळ्या-पांढऱ्या चित्रांची पुस्तकं आठवतात? स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातून १९६१ पासून ती निघत होती, आणि आपल्याकडे रेल्वे स्टेशनवरच्या आणि फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत हमखास सापडायची. त्यात इंग्रज सार्जंट शूर असायचा, जर्मन ओरडत मरायचे आणि शेवटच्या पानावर सगळं ठीक व्हायचं. ती कोणी लिहिली, कोणी काढली, याचा पत्ता लागत नसे. कित्येक दशकं त्यावर लेखकाचं, चित्रकाराचं नावच छापत नसत. संपादकाचं तर सोडाच.

दुसरी आठवण इंद्रजाल कॉमिक्सची. टाइम्सच्या समूहाने १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका मराठीतही निघायची. वेताळ आणि मँड्रेक सगळ्यांना आठवतात. पण त्यात अधूनमधून कॉरिगन नावाचा एक गुप्तहेरही यायचा. मूळ अमेरिकन वर्तमानपत्रांतली ती चित्रपट्टी १९६७ ते १९८० या काळात लिहिणाऱ्या माणसाचं नाव होतं आर्ची गुडविन. चित्रं अल विल्यमसन यांची. म्हणजे आपल्यापैकी अनेकांनी गुडविन यांचं लिखाण लहानपणी वाचलेलं असण्याची शक्यता आहे, आणि त्यांचं नाव आज पहिल्यांदा ऐकत असाल. आजचा विषय हाच माणूस.

गुडविन यांचा जन्म १९३७ चा, मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीचा. किशोरवय मात्र गेलं ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात. तिथल्या जुन्या मासिकांच्या दुकानांत त्यांना ईसी या प्रकाशनाची कॉमिक्स सापडली आणि पुढचं आयुष्य ठरून गेलं. न्यूयॉर्कला जाऊन चित्रकला शिकले, एका मोठ्या मासिकात संपादकीय विभागात लागले, मध्ये सक्तीच्या भरतीत अमेरिकन आर्मीत नोकरी केली आणि परत त्याच टेबलावर आले. हे आर्मीचं प्रकरण लक्षात ठेवा. युद्धावर लिहायला बसले तेव्हा त्यांनी गणवेश घातलेला होता.

आता ईसीबद्दल थोडं. १९५० च्या जूनमध्ये कोरियात युद्ध पेटलं. त्याच वर्षाच्या अखेरीला ईसीने हार्वी कर्ट्झमन यांच्या संपादनाखाली 'टू-फिस्टेड टेल्स' सुरू केलं आणि पुढच्या वर्षी 'फ्रंटलाइन कॉम्बॅट'. कर्ट्झमन यांनी ठरवलं की पोरांना युद्धाचं खोटं चित्र विकायचं नाही. तपशिलाचा त्यांना इतका ध्यास की पाणबुडीवरच्या कथेसाठी आपल्या सहाय्यकाला खरोखर पाणबुडीतून पाठवलं होतं. त्यांच्या कथांत शत्रूलाही चेहरा होता. मग १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड झाली, सिनेटपुढे सुनावण्या झाल्या, आणि प्रकाशकांनी स्वतःच 'कॉमिक्स कोड' नावाची नियमावली बनवून घेतली. ईसीची कॉमिक्स त्यात संपली.

दहा वर्षांनी जिम वॉरन नावाच्या प्रकाशकाने एक पळवाट काढली. कोड लागू होता तो रंगीत, लहान आकाराच्या कॉमिक्सला. मोठ्या आकाराचं, काळं-पांढरं मासिक काढलं तर त्याला कोड लागत नव्हता. १९६४ मध्ये त्यांनी 'क्रीपी' हे भयकथांचं मासिक काढलं आणि थोड्याच अंकांत त्याची जबाबदारी गुडविन यांच्याकडे आली. वय सत्तावीस-अठ्ठावीस. बहुतेक कथा स्वतः लिहायच्या, चित्रकार गाठायचे, मुदती पाळायच्या, पानं जुळवायची. आणि १९६५ मध्ये याच्या जोडीला त्यांनी युद्धकथांचं त्रैमासिक सुरू केलं. नाव 'ब्लेझिंग कॉम्बॅट'. किंमत ३५ सेंट, त्या वेळी साधं कॉमिक १२ सेंटला मिळायचं.

या अंकांमागचं संपादकाचं काम नीट बघा. अमेरिकन क्रांतियुद्ध, यादवी युद्ध, दोन्ही महायुद्धं, कोरिया, व्हिएतनाम, एका अंकात इतका मोठा पट. जवळजवळ सगळ्या कथा गुडविन यांच्याच. पण प्रत्येक कथा कोणाला द्यायची यात खरी हुशारी होती. विमानांचं वेड असलेल्या जॉर्ज एव्हान्स आणि अलेक्स टॉथ यांच्याकडे हवाई लढाया. गणवेश आणि हत्यारं अचूक काढणाऱ्या जॉन सेव्हरिन यांच्याकडे पायदळ. रीड क्रँडल यांच्याकडे जुना इतिहास. मुखपृष्ठ फ्रँक फ्रॅझेटा यांचं. यांतले अनेकजण ईसीत काम केलेले, गुडविन यांच्यापेक्षा वयाने मोठे, नावाजलेले कलावंत. कर्ट्झमन प्रत्येक चौकटीची आखणी स्वतः करून चित्रकाराच्या हाती देत आणि त्यात बदल खपवून घेत नसत. गुडविन यांनी उलट केलं. चित्रकाराचा हात ओळखून त्याला शोभेल अशी कथा लिहायची आणि मग त्याला मोकळं सोडायचं.

फौजेत मी दोन वर्षं ॲडज्युटंट होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पलटणीचा सगळा कारभार ॲडज्युटंटच्या टेबलावरून चालतो. कोणता माणूस कुठे पाठवायचा, कोणाला रजा हवी, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे सगळं त्याला ठाऊक असावं लागतं. काम चांगलं झालं तर पलटणीचं नाव होतं, कंपनी कमांडरचं नाव होतं. ॲडज्युटंटचं नाव निघतं ते फक्त काही बिनसलं की. संपादकाचं काम मला तसंच वाटतं. योगायोग बघा, रेक्स स्टाउट यांच्या निरो वुल्फ या प्रसिद्ध डिटेक्टिव्हचा जो धावपळ करणारा मदतनीस आहे, त्याचंही नाव आर्ची गुडविनच.

आता मूळ मुद्दा. 'ब्लेझिंग कॉम्बॅट'च्या पहिल्या अंकावर ऑक्टोबर १९६५ अशी तारीख आहे. अमेरिकन मरीन्स डा नांगच्या किनाऱ्यावर उतरले ते त्याच वर्षाच्या मार्चमध्ये. म्हणजे युद्ध नुकतंच पेटत होतं. मोठी युद्धविरोधी लाट पुढे आली, १९६८ च्या टेट हल्ल्यानंतर तर देशाचा विश्वासच डळमळला. पण १९६५ मध्ये बहुसंख्य अमेरिकन लोक युद्धाच्या बाजूने होते. अशा वेळी दुसऱ्या अंकात 'लँडस्केप' नावाची एक छोटी कथा आली. चित्रं जो ऑर्लँडो यांची.

कथा एका म्हाताऱ्या व्हिएतनामी भातशेतकऱ्याची आहे. तो कोणाच्याच बाजूचा नाही. आधी एक पक्ष येतो, मग दुसरा. प्रत्येकजण त्याच्या भल्यासाठीच आलेला असतो. म्हाताऱ्याला एवढंच कळतं की माणसं येतात-जातात, भात मात्र दर वर्षी उगवतो. शेवटी लढाई त्याच्या शेतापर्यंत पोचते आणि शेताबरोबर तोही जातो. कोणी मुद्दाम क्रूर नाही. कोणी भाषण करत नाही. कथा तिथेच थांबते.

या कथेनंतर गडबड सुरू झाली. प्रकाशक वॉरन यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं की माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजन या संघटनेने वितरकांवर दबाव आणला आणि अंकांचे गठ्ठे न सोडताच पडून राहू लागले. त्याहून मोठा फटका म्हणजे लष्करी तळांवरच्या दुकानांनी मासिक ठेवायला नकार दिला. या दुकानांना तिकडे पीएक्स म्हणतात. आपल्याकडची सीएसडी कँटीन समजा. युद्धकथांचा हक्काचा वाचक तळावरचा तरुण सैनिक, आणि त्याच्यापर्यंतचा रस्ताच बंद झाला. जुलै १९६६ चा चौथा अंक शेवटचा ठरला. पुढच्याच वर्षी गुडविन यांनी वॉरन यांचं कामही सोडलं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी तरुण अधिकारी असतो आणि पलटणीच्या वाचनालयासाठी हे मासिक माझ्यासमोर आलं असतं, तर मीही ते बाजूला ठेवलं असतं. कारण देणं सोपं आहे. मनोबल. उद्या ज्याला गोळीबारात पुढे जायचं आहे, त्याच्या मनात आज शंका कशाला घालायची? या मुद्द्यात तथ्य नाही असं मी आजही म्हणणार नाही. ज्याने माणसं पुढे पाठवली आहेत, त्याला मनोबल म्हणजे काय ते कळतं.

पण माझं मत बदललं ते एका शेताच्या कडेला. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. सगळी फौज सीमेवर. पंजाब, राजस्थानातल्या सीमेलगतच्या शेतांत सुरुंग पेरले गेले. आमच्या भागात गहू वीतभर वर आला होता. सुरुंगक्षेत्राभोवती तारा ओढून आमचे जवान परत निघाले, तेव्हा एक वयस्कर सरदारजी तारेपाशी उभे होते. भांडले नाहीत, रडले नाहीत. जवानांना चहा विचारला. मग मला म्हणाले, साहेब, पाणी कधी देता येईल? माझ्याकडे उत्तर नव्हतं. नुकसानभरपाईची तरतूद होती, ते मी सांगितलं. ते नुसते मान हलवून गव्हाकडे बघत राहिले. आम्ही देशाचं काम करत होतो, यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण त्या माणसाचा प्रश्न खोटा नव्हता.

परतताना गाडीत एक तरुण जवान, स्वतः शेतकऱ्याचा मुलगा, बराच वेळ गप्प होता. मी विचारलं तर म्हणाला, सर, आमच्या गावाकडेही आता कांदे लागले असतील. एवढंच. त्याचं मनोबल खचलं नव्हतं. पुढचे दहा महिने त्याने चोख काम केलं. तारेजवळ कोणी गुरं आणली की सगळ्यात आधी तोच धावायचा.

'लँडस्केप' मी वाचली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. 'ब्लेझिंग कॉम्बॅट'चे चारही अंक २००९ मध्ये एका पुस्तकात एकत्र छापले गेले, त्यातून. वाचताना मला तो सरदारजी आठवला आणि तो जवानही. तेव्हा लक्षात आलं की गुडविन यांनी सैनिकाला त्याला माहीत नसलेलं काहीच सांगितलेलं नव्हतं. त्याने डोळ्यांनी पाहिलेलं त्यांनी छापलं होतं. सैनिकाचं मन अशा कथेने खचत नाही. खचतं ते, आपण पाहिलेलं कोणीच मान्य करत नाही, असं वाटलं की. तळावरच्या दुकानांनी अंक परत पाठवले, पण शेतातला म्हातारा त्यामुळे काही नाहीसा झाला नाही.

गुडविन यांनी पुढे काय केलं? कडवट होऊन बसले नाहीत. १९७३-७४ मध्ये डीसीच्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'चे संपादक असताना वॉल्टर सायमनसन या नवख्या मुलाला घेऊन त्यांनी 'मॅनहंटर' केलं. अंकाच्या मागच्या बाजूला आठ-आठ पानं मिळायची, तेवढ्यात. सायमनसन त्यातून नावारूपाला आले. १९७६ मध्ये ते मार्व्हलचे मुख्य संपादक झाले. १९८० पासून त्यांनी 'एपिक इलस्ट्रेटेड' हे मासिक सांभाळलं. त्यात निर्मितीचे हक्क कलावंताकडेच राहत, आणि त्या धंद्यात तेव्हा ही मोठी गोष्ट होती. शेवटची वर्षं पुन्हा डीसीत, बॅटमॅनच्या कथांवर. कर्करोगाशी बरीच वर्षं झुंजत काम करत राहिले आणि १ मार्च १९९८ रोजी, साठाव्या वर्षी गेले. त्यांच्या सोबत काम केलेल्यांना विचारा, सगळ्यांत लाडका संपादक कोण, तर हेच नाव पुन्हा पुन्हा येतं. वाचकांना मात्र चित्रकार आठवतात, नायक आठवतात. गुडविन आठवत नाहीत.

तेव्हा मंडळी, एक विनंती. तुमच्या घरात, माळ्यावर, एखाद्या ट्रंकेत जुनी इंद्रजाल किंवा 'कमांडो' असतील, तर ती रद्दीत घालण्याआधी एकदा पहिलं पान उघडा. बारीक अक्षरात संपादकाचं नाव असेल तर मोठ्याने वाचा, मुलांना ऐकवा. नसेल, तर तिथे कोणीतरी बसून ती पानं जुळवली होती, एवढं तरी सांगा.

आणि तुमच्यापैकी कोणी गणवेशात असाल आणि पलटणीच्या वाचनालयाची जबाबदारी तुमच्याकडे असेल, तर एखादं पुस्तक बाजूला ठेवण्याआधी आधी स्वतः पूर्ण वाचा. मी ते केलं नसतं, म्हणून सांगतोय.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.