ठेवणीतली मोटार

"मामा, तुमचं फिक्स्ड डिपॉझिट मोडा," असं माझा भाचा मला हिंदमाताच्या भर कापडबाजारात म्हणाला, तेव्हा माझ्या दोन्ही हातांत हिच्या साड्यांच्या पिशव्या होत्या. नाहीतर मी निदान कानांवर हात तरी ठेवले असते.

कुणाची तरी वापरलेली मस्टँग विकायला होती. पाच लिटरचं, आठ सिलिंडरांचं इंजिन. फोर्डने २०१६ साली ती आपल्याकडे आणली तेव्हा किंमत होती सुमारे ६५ लाख. आता निम्मे पैसे भाच्याचे, निम्मे माझे. चालवायची नाही, झाकून ठेवायची. २० वर्षांनी तिचं सोनं होणार. "१९७१ची एक प्लिमथ कुडा २०१४ साली ३५ लाख डॉलरला गेली, मामा!" २० वर्षांनी मामा कुठे असेल, हा विषय त्याने मोठ्या अदबीने टाळला.

भाचा खोटं बोलत नव्हता. पण ती कुडा महाग का झाली, हे काही तो सांगेना. असल्या दांडग्या गाड्या अमेरिकेतल्या पोरांनी हप्त्यांवर घेतल्या, शर्यतींत पिदडल्या, जमेल तिथे आपटल्या. पुढे विम्याचे हप्ते चढले, १९७३ साली अरबांनी तेल महाग केलं, आणि उरल्यासुरल्या गाड्या मिळेल त्या भावाने गेल्या. त्यातून ही कुडा उघड्या टपाची, हेमी इंजिनाची. तशा त्या वर्षी मुळात बनल्याच जेमतेम डझनभर. कुणी जपल्या नाहीत, म्हणून त्या दुर्मिळ झाल्या. उलट डॉजने २०२३ साली चॅलेंजर बंद केली, तर शेवटच्या गाड्या कित्येकांनी थेट गॅरेजात नेऊन पांघरुणाखाली घातल्या. ज्याने त्याने ठेवणीत टाकलेली वस्तू दुर्मिळ व्हायची कशी?

साडीचंच बघा ना. शालू प्रत्येकीच्या कपाटात असतो. आमच्या आजीचं रोजचं लुगडं मात्र आधी गोधडीत गेलं, मग पायपुसण्यात, आणि राहिलेलं बोहारणीकडे. आज तसलं एक शोधून दाखवा!

आमच्या घरातलं लुगडं म्हणजे फियाट. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. आधी ती डिलाइट होती, मग प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक घोड्यांची, पैकी चढावर निम्मे रजेवर. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. आणि गंमत अशी, की ही गाडी कोरी असतानाच नामी गुंतवणूक होती! नंबर लागायला वर्षानुवर्षं जात. त्यामुळे ज्याचा लागला, त्याला गाडी दारात येण्याआधीच वरचे पैसे देणारं गिऱ्हाईक भेटे. १९७८ साली वडिलांनाही भेटलं. वडील म्हणाले, "हिच्यासाठी सहा वर्षं थांबलोय. लग्नालासुद्धा इतका थांबलो नव्हतो." आई आतून म्हणाली, "दिसतंय ते."

१९८३च्या डिसेंबरात मारुती आली आणि हा वरचा भाव हळूहळू उतरला. पुढे पद्मिनी उरली ती मुख्यतः टॅक्सीवाल्यांची.

आमची गाडी बुडाली इथेच, हिंदमाताला. हा भागच बशीसारखा. आजूबाजूचं पाणी मुकाट्याने इकडे येतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि आमच्या गाडीत सीटच्या वर पाणी. तशी पद्मिनी बुडून मरणारी नव्हती. प्लग पुसा, डिस्ट्रिब्यूटर वाळवा, कार्ब्युरेटर धुवा, की कोपऱ्यावरचा कुठलाही मिस्त्री तिला खोकत का होईना, उठवायचा. मस्टँगच्या पोटात संगणक. तो भिजला तर २० वर्षांनी दुसरा आणायचा कुठून?

पण वडील त्याच वर्षी गेले होते, आणि मला मिस्त्रीकडे जायचा कंटाळा आला. खरं कारण एवढंच. भंगारवाल्याने वजनावर भाव केला. तोही कुर्ल्याचाच निघाला. जिथे जोडली, तिथेच नेऊन सुटी केली.

२०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली. लोक हळहळले, एक तरी जतन करा म्हणाले. आता नीट राखलेली पद्मिनी लाखांची भाषा बोलते. २०२१च्या सरकारी नियमाने पन्नाशी उलटलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची खास पाटीही मिळते. मात्र मग तिने रोज रस्त्यावर यायचं नाही, रॅलीत वगैरे मिरवायचं. आमच्या गाडीला २०२८ साली मिळाली असती.

हे सगळं मी पुलाखाली उभा राहून भाच्याला सांगितलं. त्याने साड्यांच्या पिशव्या माझ्या हातून घेतल्या, म्हणजे थोडंफार पोचलं असावं. घरी आल्यावर मी कुलूप उघडायला जुडगा काढला. त्यात फियाटची किल्ली अजून आहे.

"मामा, हिलासुद्धा गिऱ्हाईक मिळेल," भाचा म्हणाला. "चांगले पैसे येतील."

मी म्हटलं, "आधी दार उघडू दे."