जन्म एडिनबरोचा, नाव बॉडनंटचं

ब्रिटनमधल्या बागा डिसेंबरात मान टाकून बसलेल्या असतात, तेव्हा एका झुडपाच्या निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी फुलांचे घोस लागतात. त्यांचा गोड वास वाटेवरच्याला थांबवतो. हे बॉडनंट व्हायबर्नम. त्याची वंशावळ काढायला बसलं की घराण्याची एक खोड दिसते: खपतो एक, नाव लागतं दुसऱ्याचं.

एक कूळ चीनचं. तिथल्या व्हायबर्नमला रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ बुंगेने १८३०च्या दशकात ‘फ्रॅग्रन्स’, म्हणजे सुगंधी, असं नाव दिलं. १९०९ साली चीनला गेलेल्या विल्यम पर्डमने ते इंग्लंडला पोचवलं. १९१४मध्ये वनस्पती गोळा करायला निघालेल्या रेजिनाल्ड फॅररला ते गान्सूच्या डोंगरांत रानटी वाढलेलं दिसलं. त्या मोहिमेत सोबतीला पर्डमच होता. पुढे ध्यानात आलं, की ‘फ्रॅग्रन्स’ हे नाव आधीच दुसऱ्या एका व्हायबर्नमला दिलेलं आहे. १९६६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम स्टर्नने नवं बारसं केलं: ‘फॅररी’. पर्डम बाहेरच राहिला.

दुसरं कूळ हिमालयाचं. काश्मीरपासून भूतानपर्यंत आढळणारं ‘ग्रँडिफ्लोरम’ १९१४ साली वनस्पती-संग्राहक कूपरने भूतानहून पाठवलं. त्याची फुलं मोठी, अधिक गुलाबी.

या दोघांचा संकर १९३३ साली एडिनबरोच्या शाही वनस्पती उद्यानात चार्ल्स लॅमाँटने केला. पण रोपं आईबापांहून सरस वाटेनात, म्हणून त्याने ती पुढे आणली नाहीत. वर्ष-दोन वर्षांत वेल्समधल्या बॉडनंट बागेत मुख्य माळी पडलने तोच संकर केला. लॉर्ड ॲबरकॉन्वेंच्या या बागेवरून संकराला ‘बॉडनंटेन्स’ म्हटलं गेलं आणि निवडक रोप झालं ‘डॉन’, म्हणजे पहाट. एडिनबरोच्या एका रोपाला ‘चार्ल्स लॅमाँट’ हे नाव मिळालं, पण नंतर.

बियांतून डॉन जशीच्या तशी उतरत नाही. उन्हाळ्यात कोवळी छाट लावून ती वाढवतात, त्यामुळे आजची प्रत्येक डॉन म्हणजे बॉडनंटच्या त्याच रोपाची फांदी. छाटणी फुलं ओसरल्यावर, वसंतात करावी. पाचातली एक सर्वांत जुनी फांदी बुडातून काढली की पुरे. शरदात कात्री चालवली तर त्या हिवाळ्याच्या कळ्याच जातात. झुडूप तीन मीटरपर्यंत जातं, म्हणून कुंडी मोठी हवी. माती ओलसर राहावी, पण पाणी तुंबू नये.

छाटीला मुळं फुटली की कुंडीत नावाची पट्टी खोचतात. तिच्यावर बॉडनंट असतं. पर्डमला आणि लॅमाँटला तेवढ्या पट्टीवर जागा होत नाही.