अंधारातला चोर, पुन्हा एकदा

दादाने १९९९ च्या उन्हाळ्यात आणलेली ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ची सीडी परवा माळा आवरताना सापडली. ओरखडे इतके की चालायचा प्रश्नच नव्हता. शेवटी नेटवरून रीतसर विकत घेतली आणि रात्री सगळे झोपल्यावर बसले खेळायला. अगदी तेव्हासारखीच!

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९९८ साली बंदूक घेऊन धावायचे गेम जोरात होते. ‘क्वेक’ येऊन दोन वर्षं झाली होती, ‘हाफ-लाइफ’ त्याच वर्षी आला. त्यात अमेरिकेतल्या केंब्रिजच्या लुकिंग ग्लास स्टुडिओज या कंपनीने उलटाच नायक दिला. गॅरेट, पेशाने चोर. दोन पहारेकरी एकदम अंगावर आले की संपलाच. त्याची खरी ढाल म्हणजे काळोख. पडद्याच्या तळाशी एक खडा असतो, तो उजळला की समजायचं, आपण दिसतोय. पाण्याचा बाण मारून मशाल विझवायची, शेवाळाचा बाण मारून फरशीवर मऊ पायघडी अंथरायची. अवघड पातळीवर तर माणूस मारायचाच नाही. मारला की डाव संपला.

गंमत म्हणजे हा गेम सुरुवातीला तलवारबाजीचा होणार होता, राजा आर्थरला खलनायक करून. तो बेत बारगळला आणि चोर तेवढा उरला.

आता वीस-पंचवीस वर्षांनी कसा वाटतो? चित्रं पार म्हातारी झालीत. माणसांचे चेहरे खोक्यावर चिकटवल्यासारखे, हात लाकडी. थडग्यांमधली प्रेतं मला तेव्हाही आवडली नव्हती, आताही कंटाळा आला. चोराच्या गोष्टीत भुतं कशाला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. नकाशा मात्र अजून आवडला. कुणीतरी घाईत खरडल्यासारखा आहे आणि ‘तुम्ही इथे आहात’ असा नेमका ठिपका त्यात नाही. हल्लीचे गेम बोट धरून नेतात, इथे आपलं आपण चुकायचं.

पण या गेमचा जीव आवाजात आहे. गालिच्यावर पाऊल गप्प, दगडावर टकटक, लोखंडी जाळीवर तर ठणठणाट. पहारेकऱ्याचा आवाज भिंतीतून आरपार येत नाही, दारा-बोळांतून वळत वळत येतो. त्यामुळे नुसत्या कानांनी कळतं की तो कुठल्या खोलीत आहे. आमच्या वाड्यातल्या जिन्याची तिसरी पायरी करकरायची. ती टाळून रात्री खाली कसं यायचं हे दादाला आणि मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच बहुधा हा गेम आम्हाला लगेच जमला.

आणि इथेच परवा माझी फजिती झाली. माझा डावा कान अधू झालाय हे घरच्यांना माहीत आहेच. हेडफोन लावला तर प्रत्येक पहारेकरी उजवीकडूनच येतोय असं वाटे! पहिल्याच मोहिमेत, लॉर्ड बॅफर्डच्या वाड्यात, तीनदा पकडले गेले. डोळे झाकून पार करायचे मी तो वाडा. गेम जुना झालाय का हे बघायला बसले होते आणि झालं भलतंच. खरं सांगायचं तर त्या रात्री जरा रडूही आलं.

लुकिंग ग्लासचंही असंच अवचित झालं. मार्च २००० मध्ये दुसरा भाग आला आणि मे महिन्यात कंपनीच बंद पडली. चाहत्यांनी मात्र तो सोडला नाही. २०१२ साली कुणा अनामिकाने सुधारलेलं इंजिन नेटवर ठेवलं. आजच्या संगणकांवर तो नीट चालतो त्याला हे मोठं कारण आहे. त्या माणसाला माझा नमस्कार.

काल लेकीला शेजारी बसवलं. तिला हेडफोन दिला आणि मी नुसते डोळे वापरले. सुरुवातीला दाराशी दोन पहारेकरी अस्वलांच्या झुंजींबद्दल बोलत असतात. पूर्वीची मजा राहिली नाही म्हणे! ती खुदखुदली, मग एकदम माझं मनगट घट्ट धरून कुजबुजली, “आई, थांब. डावीकडून येतोय.”