जप्त केलेली वही

परवा नात लॅपटॉपवर वाचता वाचता खुदकन हसली. विचारलं तर म्हणाली, "आजी, हॅरी पॉटरची गोष्ट आहे, पण रोलिंगबाईंची नाही. कुणीतरी आपल्या मनाने लिहिलीय." याला फॅन फिक्शन म्हणतात म्हणे. शिक्षकीपेशाची खोड जात नाही, म्हणून मुळाशी जायचं ठरवलं.

मंडळी, हा उद्योग इंटरनेटच्या कितीतरी आधीचा निघाला! अमेरिकेत 'स्टार ट्रेक' मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली आणि १९६७ मध्ये दोन चाहत्या बायकांनी 'स्पॉकॅनेलिया' नावाचा अंक काढलासुद्धा. त्या काळी असे अंक स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर काढायचे. हे वाचलं आणि मला शाईचा वासच आला. आमच्या चाचणीच्या प्रश्नपत्रिका तशाच निघायच्या, आणि पदराला हमखास काळा डाग! १९६९ मध्ये मालिका बंद पडली, गोष्टी मात्र थांबल्या नाहीत. लिहिणाऱ्यांत बायकाच जास्त. घर, नोकरी सांभाळून लिहायच्या आणि अंक टपालाने पाठवायच्या.

विद्वानांनी इकडे वळायला बराच वेळ घेतला. १९९२ मध्ये हेन्री जेन्किन्स यांचं 'टेक्स्चुअल पोचर्स' आलं. पोचर म्हणजे दुसऱ्याच्या रानात चोरून शिकार करणारा. वाचक नुसता ऐकून घेत नाही, हाती लागेल ते उचलून त्यातून आपलं काही घडवतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे या लेखनावर धंदा करू पाहणारे आले, तेव्हा २००७ मध्ये चाहत्यांनीच आपली ना-नफा संस्था काढली. तिचं 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' २००९ पासून सर्वांना खुलं झालं. जाहिराती नाहीत, सगळं देणग्यांवर. २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. याच संस्थेचं एक संशोधन-नियतकालिकही आहे. चाहत्याच्या लेखनाचा दाखला देण्याआधी त्याला विचारा, असं ते अभ्यासकांना सांगतं.

इथे मी अडखळले.

१९८१ साली नववीतल्या एका मुलाच्या गणिताच्या वहीत मागच्या पानांवर गोष्ट सापडली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सुट्टीत आमच्या गावी आलेला! "दुसऱ्याचं पात्र चोरतोस? स्वतःचं काही लिही," असं भर वर्गात म्हणून मी वही जप्त केली. आणि त्याच वर्गाला मी कौतुकाने सांगत असे, की मोरोपंतांनी एका रामकथेवर शंभराच्या आसपास रामायणं रचली! मुलगा काही बोलला नाही. वही परत मागायलाही आला नाही. त्याने पुढे काही लिहिलं का, हे मी कधी विचारलं नाही.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात चाहत्यांचे असे जुने अंक जपून ठेवले आहेत. आमच्या शाळेतलं माझं कपाट निवृत्तीच्या वेळी रिकामं केलं, तेव्हा त्यात ती वही नव्हती. मध्ये कधीतरी रद्दीत गेली असणार. मी दोनच पानं वाचली होती. फेणे सायकल टाकून पाटाच्या पाण्यात उतरला होता, एवढं आठवतं.