बाळंतिणीचा शब्द

पहिले बाळंतपण माहेरी, सुईण ओळखीची, पाचवीला सटवाईची पूजा: जळगाव-धुळ्याकडील ही जुनी रीत मायेची खरी, निर्णय मात्र वडीलधाऱ्यांचा. परपुरुष वैद्याचा संकोच तर देशभर होता. रावळपिंडीत त्यापायी स्त्रिया उपचाराविना मरताना डॉ. ॲना डेंगेल यांनी १९२० नंतर पाहिल्या. आमची ख्रिस्तसभाही रूढीतून मुक्त नव्हती. धर्मभगिनींना प्रसूतिसेवेची मुभा रोमने १९३६ साली दिली, तीही डेंगेल यांच्या दीर्घ आग्रहानंतर. पुढे २००५ पासून ‘आशा’ कार्यकर्त्या आल्या, खानदेशातही दवाखान्यातील बाळंतपणे वाढली. स्थळ बदलले, परंतु गरोदर स्त्रीला तिचे मत कोण विचारतो? परमेश्वराने मरियेच्या होकाराची वाट पाहिली. तिच्या लेकींचा शब्द आपणही ऐकावा, असे आम्हांस वाटते.