घाटरस्त्यांवरील हवेचा ब्रेक आणि त्याच्या नळ्यांची जोडणी

रत्नागिरी जिल्ह्यातील मालवाहतूक घाटांतून चालते. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडी, भोस्ते आणि परशुराम, तर देशावर जाताना कुंभार्ली आणि आंबा हे घाट लागतात. लांब उतारावर भरलेल्या ट्रकचे ब्रेक वारंवार दाबावे लागतात. हवेच्या ब्रेकमध्ये प्रत्येक वेळी टाकीतली थोडी हवा खर्च होते. सांध्यातून गळती असेल तर टाकी भरणाऱ्या कॉम्प्रेसरला ही तूट भरून काढता येत नाही. त्यामुळे या भागात नळी कोणती आणि तिला जोड कोणता, हा प्रश्न थेट सुरक्षिततेशी निगडित राहिला आहे.

हवेचा ब्रेक मूळचा रेल्वेचा. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी 1869 मध्ये त्याचे पेटंट घेतले. ट्रकमध्ये तो विसाव्या शतकात आला. भारतात टेल्को या कंपनीने 1954 मध्ये डायम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रकचे उत्पादन सुरू केले. ब्रिटनच्या क्लेटन ड्युआंड्रे कंपनीच्या सहकार्याने सुंदरम-क्लेटनची स्थापना 1962 मध्ये झाली आणि मद्रासजवळच्या पाडी येथे हवेच्या ब्रेकचे भाग बनू लागले. ब्रेक तेलाचे आणि हवा फक्त मदतीला, ही मधली पद्धत मागे पडत गेली आणि अवजड वाहनांत चाकापर्यंत हवाच खेळू लागली.

सुरुवातीच्या नळ्या तांब्याच्या किंवा पोलादाच्या असत. नळीवर पितळी कडी चढवून नट आवळला की कडी नळीला घट्ट बसे. माप इंचात किंवा सुतात सांगितले जाई. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नळी जागेवर वाकवून बसवणे हे मिस्त्रीच्या हाताचे कसब होते. सततच्या हादऱ्यांनी ती नटाजवळ तडकत असे. खाऱ्या हवेत आणि वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसात पोलादी नळी व नट गंजत.

पुढे नायलॉनच्या नळ्या आल्या. त्यांतील पॉलिअमाइड 11 हा प्रकार एरंडेलापासून बनतो आणि एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. ही नळी हलकी, न गंजणारी आणि हादरे सोसणारी असते. तिचे माप बाहेरच्या व्यासावरून ठरते: 6, 8, 10, 12 किंवा 16 मिलिमीटर. धातूच्या नळीचा नट तिच्यावर तसाच आवळला तर ती आत दबते, म्हणून तोंडात पितळी बुश घालावा लागतो. नंतर दाबून बसवायचे जोड आले. त्यांत दातेरी कडी नळी धरून ठेवते आणि रबरी रिंग हवा अडवते. त्यासाठी नळी कटरने सरळ कापलेली आणि ओरखड्यांविना असावी लागते. करवतीने कापलेले तिरके तोंड गळते.

इंचाची आणि मिलिमीटरची मापे एकत्र नांदू लागल्यावर निवड अधिक काटेकोर झाली. तीन सुती नळी 9.5 मिलिमीटरची असते, म्हणून 10 मिलिमीटरच्या जोडात ती सैल राहते. 16 मिलिमीटरचे, दीड मिलिमीटर अंतराचे आटे आणि तीन सुती पाइपचे आटे डोळ्यांना सारखे भासतात; एकात दुसरा बसवल्यास दोन-तीन फेऱ्यांनंतर अडतो किंवा ढिला राहतो. त्यामुळे व्हर्नियरने व्यास आणि गेजने आटे मोजूनच जोड घेणे हा नियम बनला.

जागेनुसारही निवड बदलते. कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा फार तापलेली असते, त्यामुळे तिथे धातूची किंवा उष्णता सोसणारी नळीच लागते. सायलेन्सरजवळून नायलॉन नेत नाहीत आणि वेल्डिंगच्या वेळी ते झाकून ठेवतात. चाकाच्या हालचालीसोबत हलणाऱ्या भागाला रबरी होज असतो. युरोपीय पद्धतीच्या ट्रेलरमध्ये पुरवठ्याची जोडणी लाल आणि ब्रेकच्या आदेशाची पिवळी असते.

स्प्रिंग ब्रेक आल्यावर गळतीचा परिणामही बदलला. हवा गेली की स्प्रिंग चाक जखडते आणि ट्रक घाटातच थांबतो. घाट टाळण्याचा एक मार्गही निघाला. कोकण रेल्वेने 26 जानेवारी 1999 पासून कोलाड ते वेर्णा ट्रक वॅगनवर चढवून नेण्याची रो-रो सेवा सुरू केली. त्यातून जाणाऱ्या ट्रकांचे महामार्गावरील घाट टळले. उरलेल्यांसाठी गळती तपासण्याची पद्धत जुनीच राहिली. टाकी पूर्ण दाबाने भरायची, इंजिन बंद करायचे, दाबमापकाचा काटा उतरतो का पाहायचे आणि प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधायचे. दमट हवेमुळे टाकीत साचलेले पाणीही रोज काढावे लागते.