चाबूकशेपट्या सरड्यांचे वर्गीकरण आणि प्रसार : एका वंशसंज्ञेचा इतिहास

प्राणिशास्त्रातील वंशसंज्ञा ही केवळ सोयीसाठी लावलेली खूण नसते. तिच्या पोटात एक विधान दडलेले असते : या संज्ञेखाली येणाऱ्या सर्व जाती एकाच पूर्वजापासून उद्भवल्या असून त्या पूर्वजाची अन्य संतती या संज्ञेबाहेर राहिलेली नाही. हे विधान खरे नसेल तर त्याची बाधा केवळ यादीला होत नाही. त्या जातींच्या भौगोलिक प्रसाराविषयी बांधलेली अनुमानेही निराधार ठरतात. अमेरिकेतील चाबूकशेपट्या सरड्यांच्या ‘क्नेमिडोफोरस’ या वंशसंज्ञेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १८३० साली निर्माण झालेली ही संज्ञा सुमारे पावणेदोनशे वर्षे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपासून अर्जेंटिनापर्यंतच्या सरड्यांना लावली जात होती. २००२ साली तिचे विभाजन झाले, आणि एका वंशाचा म्हणून रेखाटलेला विस्तीर्ण नकाशा प्रत्यक्षात अनेक वंशांचा असल्याचे दिसून आले.

१. प्राणी आणि त्यांची आद्य नावे

हे सरडे टेइइडी या कुलातील होत. भारतात हे कुल आढळत नाही. शरीर सडपातळ, शेपूट धडापेक्षा पुष्कळच लांब, जीभ दुभंगलेली, पाठीवर बारीक कणीदार खवले आणि पोटावर ओळीने बसविलेल्या मोठ्या चौकोनी पट्टिका, ही त्यांची सामान्य लक्षणे. ते दिवसा वावरतात, भर उन्हात थांबत थांबत पण अतिशय वेगाने धावतात आणि कीटक, विशेषतः वाळवी, खाऊन राहतात. अनेक जातींच्या पाठीवर लांब उभे पट्टे असतात व वयाबरोबर ते पुसट होतात किंवा तुटून त्यांचे ठिपके बनतात. एकाच जातीचे पिल्लू आणि प्रौढ प्राणी त्यामुळे भिन्न भासतात. वर्गीकरणातील आरंभीच्या गोंधळास ही गोष्ट पुष्कळ अंशी कारणीभूत झाली.

युरोपीय विद्वानांना या प्राण्यांची ओळख झाली ती तेथील मूळ रहिवाशांच्या शब्दांतून. डच अमलाखालील ब्राझीलमध्ये गेओर्ग मार्कग्राफ याने केलेल्या नोंदी १६४८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांत ‘अमेइवा’ हा शब्द येतो. कुलनामाच्या मुळाशी असलेला ‘तेयू’ हा तुपी-ग्वारानी भाषांतील सरडावाचक शब्द आहे. याच कुलातील ‘तुपिनांबिस’ ही वंशसंज्ञा मात्र सरड्याच्या नावावरून आलेली नसून तुपिनांबा या जमातीच्या नावावरून आलेली आहे. ‘तुपिनांबा लोकांत अमुक नावाने ओळखला जाणारा’ अशा आशयाच्या लॅटिन मजकुरातील लोकनाम पुढील वाचकांनी प्राण्याचे नाव म्हणून घेतले. शास्त्रीय नामावलीत स्थिर झालेला शब्द प्रत्येक वेळी ज्ञानातूनच येतो असे नाही, हे यावरून ध्यानात येते.

लिनीअसने १७५८ साली ‘लॅसर्टा’ या एकाच वंशात जगातील बहुतेक सरडे आणि मगरसुद्धा घातली होती. त्यातच ‘लॅसर्टा अमेइवा’ व ‘लॅसर्टा लेम्निस्काटा’ या दोन दक्षिण अमेरिकी जाती होत्या. १७६६ च्या आवृत्तीत उत्तर अमेरिकेतील ‘लॅसर्टा सेक्सलिनेआटा’ हिची भर पडली. १७९५ साली मायर याने ‘अमेइवा’ हा स्वतंत्र वंश केला. पुढे १८२३ साली टॉमस से याने रॉकी पर्वताच्या मोहिमेत मिळालेल्या सरड्याचे ‘टेसेलाटा’ या जातिनामाने वर्णन केले, तेव्हा तोही त्याने ‘अमेइवा’तच घातला. १८३० साली म्युनिकच्या योहान वागलर याने ‘क्नेमिडोफोरस’ हा नवा वंश स्थापन केला. ग्रीक ‘क्नेमिस’ म्हणजे जंघात्राण, योद्ध्याच्या पोटरीवरील चिलखत. ‘फोरोस’ म्हणजे धारण करणारा. पायांवरील मोठ्या पट्टिकांना उद्देशून हे नाव दिलेले आहे. १८४३ साली फिट्झिंगर याने ‘सेक्सलिनेआटा’ या जातीसाठी ‘अस्पिडोसेलिस’ हे नाव योजिले. त्याचा अर्थ ‘ढालयुक्त पायाचा’. दोघांनी एकच लक्षण पाहिले आणि एकाच कल्पनेवर दोन नावे घडविली. पुढील अभ्यासकांनी फिट्झिंगरचे नाव अनावश्यक मानून बाजूस सारले.

२. जिभेचे लक्षण आणि त्याची अतिव्याप्ती

‘अमेइवा’ आणि ‘क्नेमिडोफोरस’ यांतील सीमारेषा कोणती, या प्रश्नाला बुलेंजर याने ब्रिटिश म्युझियममधील सरड्यांच्या सूचीत (१८८५) दिलेले उत्तर दीर्घकाळ प्रमाण राहिले. ‘अमेइवा’ची जीभ मुळाशी एका कोशात मागे ओढता येते, ‘क्नेमिडोफोरस’ची तशी ओढता येत नाही. पोटावरील पट्टिकांना कणा असेल तर तो ‘केन्ट्रोपिक्स’, हा स्पिक्सने १८२५ साली स्थापिलेला वंश. संग्रहालयातील बाटलीबंद नमुन्यांची विभागणी करण्यास ही कसोटी सोपी होती. तिच्या आधारे बार्बर व नोबल यांनी १९१५ साली ‘अमेइवा’चे आणि चार्ल्स बर्ट यांनी १९३१ साली ‘क्नेमिडोफोरस’चे समग्र परीक्षण केले.

न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर ‘क्नेमिडोफोरस’चे हे लक्षण अभावात्मक होते, आणि अभावात्मक लक्षणाला अतिव्याप्तीचा दोष सहज जडतो. कोश नसणे ही गोष्ट परस्परांशी निकटचे नाते नसलेल्या अनेक प्राण्यांत संभवते. तुलनात्मक भाषाविज्ञानात हा विचार सुपरिचित आहे. दोन भाषांनी मूळ भाषेतील एखादा जुना वर्ण तसाच जपून ठेवला म्हणून त्यांची वेगळी उपशाखा ठरत नाही. उपशाखा ठरते ती दोघींत समान असलेल्या नव्या परिवर्तनावरून. सरड्यांच्या बाबतीत हा विवेक उशिरा झाला. सेंट लुसिया बेटाजवळील मारिया बेटांवरच्या एका सरड्याचे १९६६ साली ‘अमेइवा व्हान्झोई’ म्हणून वर्णन झाले आणि पुढे तो ‘क्नेमिडोफोरस’मध्ये हलविला गेला, यावरून ही सीमारेषा किती डळमळीत होती हे दिसते.

३. नर नसलेल्या जाती

विसाव्या शतकाच्या मध्यास एक अनपेक्षित प्रश्न पुढे आला. १९५८ साली रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या दारेव्हस्की यांनी कॉकेशस प्रदेशातील काही सरड्यांत नर नसतात व माद्या अफलित अंड्यांतून माद्यांनाच जन्म देतात असे दाखविले. त्याच वर्षी शेर्मन मिंटन यांनी टेक्ससमधील ‘टेसेलाटस’ या चाबूकशेपट्या जातीत नर मिळत नसल्याची नोंद केली. १९६२ साली पॉल मॅस्लिन यांनी ‘क्नेमिडोफोरस’मध्ये केवळ माद्यांच्या अनेक जाती असल्याचे प्रतिपादन केले.

या जाती आल्या कोठून? चार्ल्स लोव आणि जॉन राइट यांनी १९६६ साली गुणसूत्रांच्या आधारे त्यांचे संकरमूल स्पष्ट केले. दोन द्विलिंगी जातींच्या संकरातून द्विगुणित माद्यांची परंपरा निर्माण होते. तिचा एखाद्या नराशी पुन्हा संकर झाल्यास त्रिगुणित परंपरा उद्भवते. ओर्लांडो क्वेयार यांनी १९७१ साली यामागील पेशीय क्रिया दाखविली : अंडपेशीच्या विभाजनापूर्वीच गुणसूत्रे दुप्पट होतात, त्यामुळे विभाजनानंतरही मातेची पूर्ण गुणसूत्रसंख्या अपत्यात कायम राहते. २०१४ साली प्रयोगशाळेत निपजलेल्या चतुर्गुणित परंपरेलाही स्वतंत्र जातिनाम देण्यात आले. आज ‘अस्पिडोसेलिस’ या वंशातील सुमारे एक तृतीयांश जाती अशा एकलिंगी आहेत.

उष्ण कटिबंधातही हे दिसते. युकातान द्वीपकल्प व कोझुमेल बेट येथील एकलिंगी जाती ‘डेप्पी’ आणि ‘अंगुस्टिसेप्स’ या दोन जातींच्या संकरातून आलेल्या आहेत. १९७० साली ब्राझीलचे पाउलो व्हान्झोलिनी यांनी अॅमेझॉनच्या खोऱ्यातील ‘लेम्निस्काटस’मध्ये नरविरहित समूह असल्याचे निदर्शनास आणले, १९९३ साली कोल व डेसॉयर यांनी त्या समूहांतून ‘क्रिप्टस’ ही द्विगुणित आणि ‘प्स्यूडोलेम्निस्काटस’ ही त्रिगुणित अशा दोन जाती वेगळ्या केल्या. ‘जे परस्परांत प्रजनन करतात ते एका जातीचे’ ही व्याख्या येथे लागूच पडत नाही, कारण परस्परांत प्रजनन येथे होतच नाही. मायर-डॉबझान्स्की परंपरेतील जातिकल्पनेला हा लक्षणाच्या अव्याप्तीचा ठळक दाखला होता.

राइट व लोव यांनी १९६८ साली या जातींच्या प्रसाराविषयी एक मार्मिक सिद्धान्त मांडला. एकलिंगी जाती बहुधा दोन वनस्पतिप्रदेशांच्या सीमेवर, पुराने धुपलेल्या नदीकाठी किंवा माणसाने विस्कटलेल्या जमिनीवर आढळतात. तणाप्रमाणे त्या मोकळी पडलेली जागा बळकावतात, कारण एकटी मादीही नव्या वसाहतीचा आरंभ करू शकते.

४. विभाजन आणि नवा नकाशा

२००२ साली टॉड रीडर, चार्ल्स कोल आणि हर्बर्ट डेसॉयर यांनी डीएनए, प्रथिने व शरीररचना यांचा एकत्र विचार करून ‘क्नेमिडोफोरस’ हा एकवंशीय समूह नसल्याचे दाखविले. दक्षिण अमेरिकेतील ‘लेम्निस्काटस’ गटाचे नाते उत्तरेकडील तथाकथित सगोत्रांपेक्षा ‘अमेइवा’ व ‘केन्ट्रोपिक्स’ यांच्याशी अधिक निकट निघाले. नामविषयक नियमांप्रमाणे वंशसंज्ञा आपल्या नमुनाजातीबरोबर राहते. ‘क्नेमिडोफोरस’ची नमुनाजाती ‘मुरिनस’ ही व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवरील असल्यामुळे ती संज्ञा दक्षिणेकडे राहिली. उत्तर व मध्य अमेरिकेतील जातींसाठी फिट्झिंगरचे विस्मृत ‘अस्पिडोसेलिस’ पुन्हा प्रचारात आले. २०१२ साली हार्वी, उगेटो व गुटबर्लेट यांनी शरीररचनेच्या सविस्तर अभ्यासावरून उर्वरित मिश्र समूहांचीही विभागणी केली.

परिणामी प्रसाराचे चित्र सुबोध झाले. ‘अस्पिडोसेलिस’ संयुक्त संस्थानांपासून कोस्टारिकापर्यंत पसरलेला आहे. संकुचित अर्थाचा ‘क्नेमिडोफोरस’ मध्य अमेरिकेचा काही भाग, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग व लगतची बेटे येथे आहे. ‘होल्कोसस’ मेक्सिकोपासून इक्वाडोरपर्यंत, ‘मेडोफेओस’ इक्वाडोर व पेरूच्या पश्चिम भागात, ‘अमेइवुला’ मुख्यतः ब्राझीलच्या खुल्या शुष्क प्रदेशांत, तर ‘कॉन्टोमास्टिक्स’ व ‘ऑरिव्हेला’ खंडाच्या दक्षिण भागात आढळतात. पूर्वी ‘अमेइवा’त मोडणाऱ्या वेस्ट इंडीजमधील जाती ‘फोलिडोसेलिस’ या स्वतंत्र वंशात आल्या.

या शेवटच्या वंशाच्या बाबतीत वर्गीकरण हा केवळ ग्रंथालयातील प्रश्न राहत नाही. १८७२ साली उसाच्या मळ्यांतील उंदरांच्या नाशासाठी एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने भारतातून नऊ मुंगसे जमैकात नेली. त्यांची संतती पुढे बेटाबेटांवर सोडली गेली. सेंट क्रॉय बेटावरील ‘फोलिडोसेलिस पोलोप्स’ मुख्य बेटावरून नाहीसा झाला आणि प्रोटेस्टंट के व ग्रीन के या मुंगूस नसलेल्या दोन चिमुकल्या बेटांवर तेवढा उरला. १९९० साली रूथ आणि २००८ साली बक या बेटांवर त्याची पुनःस्थापना करण्यात आली. कोणता समूह स्वतंत्र जात आणि कोणता अन्यत्र विपुल असलेल्या जातीचा स्थानिक प्रकार, या निर्णयावरच अशा प्रयत्नांचा अग्रक्रम अवलंबून असतो.

५. व्याकरणाचा एक प्रश्न

‘अस्पिडोसेलिस’ पुनरुज्जीवित झाले तेव्हा ते स्त्रीलिंगी मानून जातिनामांची रूपे ‘नेओमेक्सिकाना’, ‘टेसेलाटा’ अशी केली गेली. २०१६ साली टकर व सहकाऱ्यांनी हा शब्द व्याकरणदृष्ट्या पुल्लिंगी असल्याचे दाखवून दिले आणि रूपे ‘नेओमेक्सिकानस’, ‘टेसेलाटस’ अशी बदलली. ज्या जातींत एकही नर नाही त्यांची नावे अशा रीतीने पुल्लिंगी झाली. यात विसंगती काहीच नाही. मराठीत पाल स्त्रीलिंगी आणि सरडा पुल्लिंगी. त्या त्या प्राण्याच्या लिंगाशी शब्दाच्या लिंगाचा संबंध नसतो. शब्दाचे लिंग ठरविण्याचा अधिकार व्याकरणाला, प्राण्याचे नाते ठरविण्याचा अधिकार प्राण्याच्या इतिहासाला.

‘क्नेमिडोफोरस’च्या इतिहासातील दोष नेमका या दोन अधिकारांच्या सरमिसळीत होता. नाव एक म्हणून वस्तू एक, आणि वस्तू एक म्हणून तिचा प्रसार अखंड, अशी अनुमानांची साखळी पावणेदोनशे वर्षे टिकून राहिली. पट्टे, जीभ, गुणसूत्रे आणि डीएनए या क्रमाने कसोट्या बदलल्या. परंतु जुनी कसोटी टाकाऊ ठरली असे नव्हे. जिभेचा कोश आजही वर्णनात नमूद होतो. त्याचे स्थान मात्र बदलले आहे : तो आता नात्याचा पुरावा म्हणून गृहीत धरला जात नाही, तर निश्चित झालेल्या नात्याच्या प्रकाशात त्याचा अर्थ लावला जातो.